कोरडा तळहात

रूळ

बोडणीत एक रीत होती. नवा मचवा समुद्रात लोटायच्या आदल्या दिवशी मालकाच्या घरच्या बायका हंडे-कळशा घेऊन किनाऱ्यावर यायच्या आणि मचव्याच्या पोटात पाणी ओतायच्या. मचवा ओंडक्यांवर उभा. तो बांधणाऱ्या मेस्त्रीनं त्याच्याखाली उताणं सरपटत जायचं आणि फळ्यांच्या एकेका सांध्याखाली तळहात धरायचा. डोळ्यानं बघायचं नाही. डोळा आपल्या माणसाच्या कामाला सवलत देतो, हात देत नाही. मग बाहेर येऊन मेस्त्रीनं सगळ्यांदेखत हात वर करायचा. तळहात कोरडा असला तर घरातली थोरली बाई त्यावर नारळ ठेवायची. ओला असला तर नारळ आल्या वाटेनं घरी जायचा आणि मेस्त्री पुन्हा कामाला बसायचा.

हरेश्वर मेस्त्रीचा नारळ कधी परत गेला नव्हता. त्यानं बांधलेल्या मचव्यातून पाणी उपसायला माणूस ठेवावा लागत नाही, असं रेवसपासून पार काशीदपर्यंत बोलत. तो स्वतः तसं कधी म्हणत नसे. पण दुसरं कुणी म्हणत असलं की लाकूड तासायचा वाकस बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेई.

मग मचव्यांत इंजिनं आली.

हरेश्वरनं आपल्या भाच्यासाठी, सदासाठी मचवा बांधला तो शिडाचाच. साग निवडलेला, खिळा न्‌ खिळा हातानं पारखलेला. सदाची आई नीराबाई ही हरेश्वरची थोरली बहीण. मचवा तिच्या नावावर. तिनं स्वतः कळशी ओतली, स्वतः नारळ ठेवला. दोन वर्षं मचव्याचं पोट कोरडं ठणठणीत राहिलं. तिसऱ्या वर्षी सदानं मुंबईहून इंजिन आणलं, एका फिटरनं ते मधोमध लाकडी ठोकळ्यावर बसवून दिलं, आणि त्याच मोसमात मचवा पाणी घ्यायला लागला.

हरेश्वरनं सांधा उकरला, नवा कापूस ठासला, वर राळ ओतली. महिन्यानं पुन्हा पाणी. पुन्हा उकरला, पुन्हा ठासला, मग तिसऱ्यांदा, आणखी घट्ट. आता पाणी शेजारच्या सांध्यातून यायला लागलं.

"इंजिनाचं पाप हाय," हरेश्वर म्हणाला.

"इंजिन काय सांध्यात बसलंय व्हय मामा?" सदा म्हणाला.

फट

"मेस्त्रीचा हात गेला म्हणं."

"हात कसला जातोय? वय गेलं."

"माझ्या मेहुण्याचा मचवा यंदा मेस्त्री बांधनार होता. आता तो थळला इचारतोय. काळूराम मेस्त्रीला."

"हळू बोल. तो बघ येतोय."

"आरं, रामराम मेस्त्री! जेवलात का?"

रूळ

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. पनवेलच्या बाजूला खाडीकाठानं नवा रेल्वेमार्ग पडायचा होता आणि त्याच्या वाटेवर बरीचशी जमीन म्हणजे नुसता खारा चिखल होता. त्यावर भराव घालता येईल, रूळ टाकता येतील. पण रोज गाड्या धडधडायला लागल्यावर ते रूळ कुठं झिजतील, किती हादरतील, खालचा चिखल काय करील, हे कागदावर नीट सुटत नव्हतं. ते शोधायला रामचंद्र टिपणीस नावाचा तरुण इंजिनियर बोडणीला आला. मूळचा अलिबागचा, शिक्षण पुण्याचं. खाडीकाठचं मिठाचं रिकामं गोदाम त्यानं भाड्यानं घेतलं, कारण त्याला खरा चिखल हवा होता. खाडीतून काढलेला, न वाळलेला, भरतीच्या पाण्यानं रोज भिजणारा.

त्या चिखलासाठी लांबलचक लाकडी हौद हवा होता. पाणी न गळणारा. अलिबागच्या सुतारांनी हात वर केले. कुणीतरी म्हणालं, पाणी आत येऊ न देणारा माणूस बोडणीतच आहे, त्याला पाणी बाहेर जाऊ न देणंही जमेल.

हरेश्वर गेला. गावात त्याच्या हाताला काम उरलं नव्हतं हे टिपणीसला ठाऊक नव्हतं, आणि हरेश्वरनं सांगितलं नाही.

हौद झाला. मचव्यासारखाच बांधला, नुसती पुढची निमुळती नाळ नव्हती, एवढंच. टिपणीसनं आत पाणी सोडलं, सकाळी येऊन हौदाखालची जमीन चाचपली, आणि उठून म्हणाला, "मेस्त्री, आता रूळसुद्धा तुम्हीच करा."

रूळ शिशाचे करायचे होते. पोलादाला झिजायला वर्षं लागतात, टिपणीसनं समजावलं. शिसं मऊ. लोखंडी चाक त्यावरून पुन्हा पुन्हा फिरवलं की वर्षांची झीज काही दिवसांत दिसते. हरेश्वरला हे लगेच पटलं. जाळ्याला लावायची शिशाची वजनं तो पोरवयापासून ओतत आला होता. चिखलावर खडी, खडीवर बोटाएवढे सागवानी स्लीपर, त्यावर शिशाचे रूळ, आणि वर दगड भरलेली छोटी चार चाकांची गाडी. गाडीला दोन्हीकडून दोर, दोर रहाटाला. रहाट फिरवायला गोदामातला जुना हमाल चांगदेव.

"म्हंजे रेलगाडीचा बैल मी," चांगदेव म्हणाला. "शिंगं कंदी द्येनार, सायब?"

टिपणीसनं कागदावर सगळं काढून दाखवलं. "आणि मेस्त्री, रूळ सलग नाहीत हं. दर हातभर अंतरावर सांधा. सांध्यात नखाएवढी फट ठेवायची."

"ठेवतो."

"विसरू नका. ती महत्त्वाची आहे."

हरेश्वर हसला. "सायब, बाकी काय बी शिकवा. फट कशी ठेवायची ते मना नका शिकवू. जलमभर त्येच केलंय."

टिपणीस चार दिवसांसाठी पनवेलला गेला.

फट, भरलेली

मचव्याच्या दोन फळ्या एकमेकींना अगदी भिडवत नाहीत. नवशिका सुतार भिडवतो आणि फसतो. जाणता माणूस मध्ये मोजून फट ठेवतो, कारण फट असेल तरच कापूस आत जातो. कापूस गेला तरच राळ धरते. राळ धरली तरच दोन फळ्यांचं एक लाकूड होतं. फट ठेवायची ती भरण्यासाठी. ज्यानं फट ठेवली आणि भरली नाही, त्यानं काम अर्ध्यावर टाकलं.

म्हणून हरेश्वरनं प्रत्येक सांध्यात नखाएवढी फट ठेवली, अगदी कागदाबरहुकूम. मग कापसाची वळलेली वात राळेत बुडवून आत ठासली. वरून चाक जाणार, कापूस उखडेल, हे त्याच्या ध्यानात आलं. तेव्हा त्यानं वर कढत शिसं ओतलं, थंड झाल्यावर कानशीनं घासलं, आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. सांधा कुठं आहे ते अंगठ्याला कळेना. मग दोन्ही बाजूंनी जोडपट्ट्या ठोकल्या.

कितीतरी दिवसांनी त्याला जेवण गोड लागलं.

रूळ

गाडी फिरायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. चांगदेव रहाट ओढता ओढता म्हणाला, "ही गाडी हाय का मांजर? आवाजच न्हाय."

टिपणीस आवाजाकडे बघतच नव्हता. त्याचं सगळं लक्ष काचेवर. स्लीपरला बांधलेली बारीक सुई, तिच्यापुढून हळूहळू सरकणारी काच, आणि रॉकेलच्या चिमणीवर धरून ती काच काळी केलेली. स्लीपर हादरला की सुई थरथरे आणि काजळीत पांढरी रेघ वेडीवाकडी उमटे. सांध्यापाशी रेघेनं उडी मारायला हवी होती. रेघ तर सरळच्या सरळ चालली होती. शांत ओहोटीच्या पाण्यावर काठी ओढावी तशी.

त्यानं काच बदलली. दुसरा सांधा घेतला. तिसरा. रुळांची झीज भिंगातून पाहिली. सगळीकडे सारखी, सांध्यांपाशी वेगळी काही नाही. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली. मग एका दुपारी उठून त्यानं हरेश्वरच्या पाठीवर थाप मारली.

"मेस्त्री, काय सापडलंय ठाऊक आहे? चिखल सांध्याचा तडाखा गिळून टाकतो!"

"कसला तडाखा?"

"अहो, गाडीत बसला असाल ना कधी? खडखट, खडखट असं वाजतं, ते काय असतं?"

हरेश्वर एकदाच आगगाडीत बसला होता, बोरीबंदर ते कल्याण. आवाज त्याला आठवत होता. गाड्यांचा आवाजच तसा असतो, असं त्यानं धरलं होतं.

टिपणीसनं दोन काड्या टेबलावर टोकाला टोक लावून ठेवल्या, मध्ये थोडी जागा सोडली. "उन्हात लोखंड फुगतं. जागा सोडली नाही तर रूळ अंग मुरडतो, गाडी पडते. म्हणून ही फट रिकामी ठेवायची. रिकामीच. पण ती रिकामी असली की चाक एका रुळाच्या टोकावरून निसटतं आणि पुढच्याच्या टोकावर आपटतं. प्रत्येक चाक, प्रत्येक सांध्यावर. रूळ पहिला झिजतो तो तिथं, स्लीपर पहिला सैल होतो तो तिथं. म्हणून सांध्याजवळ स्लीपर दाट टाकावे लागतात. आणि इथं बघा! आपल्या चिखलावर सांध्याला ओरखडासुद्धा नाही. दाट स्लीपरांची गरजच नाही. सोमवारी मुंबईला सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे मी."

हरेश्वर त्या दोन काड्यांकडे बघत राहिला.

"फट ठेवली होती ना, मेस्त्री?" टिपणीसनं सहज विचारलं.

"ठेवली व्हती," हरेश्वर म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

"तुमच्यासारखा हात मी पाहिला नाही. मुंबईला तुमचं नाव घेणार."

गेल्या वर्षभरात हरेश्वरच्या कामाला कुणी बरं म्हटलं नव्हतं. आता म्हटलं ते नेमकं याच कामाला. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. चिलीम शोधली, ती खिशातच होती. आत्ता, या घटकेला सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण तेवढ्यात टिपणीस चांगदेवला हाक मारत बाहेर गेला, आणि ती घटका टळली म्हणून हरेश्वरला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच मग लाज वाटली.

फट, भरलेली

संध्याकाळी सदा दारात उभा. आत येईना.

"मामा, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापरीस मीच सांगतो. काळूरामला बोललोय. नव्या मचव्याचं."

"बरं."

"आई न्हाय म्हनते. पन परवा खांदेरीच्या पलीकडं पानी एवढं चढलं, एवढं, गुडघ्याला. दोघं नुसतं उपसतच व्हतो. जाळी ओढायची का पानी उपसायचं?"

"बरं म्हटलं न."

"माझा राग न्हाय मामा तुज्यावर."

"मना ठावं हाय."

सदा गेला. हरेश्वरनं दार ओढून घेतलं. दाराच्या फळ्यांमधून उजेड आत येत होता. तो त्याला आज पहिल्यांदा दिसला.

रूळ

शनिवारी सकाळी तो गोदामात पोचला तेव्हा हौदाच्या शेवटच्या टोकाला जमीन काळी पडली होती. ओल.

हरेश्वर उकिडवा बसला. हौदाची आडवी फळी आणि तळ यांचा सांधा. त्यानं हात खाली धरला. बराच वेळ काही नाही. मग तळहाताच्या मधोमध एक गार थेंब.

सवयीनं त्याचा हात पिशवीत गेला. कापूस, मोगरी, राळेचा डबा. दहा मिनिटांचं काम. साहेब यायच्या आत संपेल, ओलीवर भुसा टाकला की झालं. सदाच्या मचव्याला तीनदा हेच केलं होतं. त्यानं वात वळली. वळताना चांगदेवनं नेहमीप्रमाणे रहाट सुरू केला, गाडी पलीकडच्या टोकाला गेली, तिथून इकडे निघाली. आणि हरेश्वरचा डावा हात आडव्या फळीवर टेकलेला होता.

फळी थरथरली. गाडी अजून दूर होती.

त्यानं हात तसाच ठेवला. गाडी जवळ आली तशी थरथर वाढली, मागे फिरली तशी कमी झाली, पण थांबली नाही. रुळांना मध्ये कुठं तुटकपणा राहिला नव्हता. त्यानंच राहू दिला नव्हता. पहिल्या सांध्यावर संपायचा तो हादरा दुसऱ्यावर गेला, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, आणि सगळे मिळून जिथं रूळ संपले तिथं, त्याच्या फळीवर येऊन आदळत होते. इतके दिवस. मुकाट.

ही थरथर त्याच्या हाताच्या ओळखीची होती. सदाचा मचवा पाण्यात असताना, त्याच्या पोटात ओणवं होऊन तो सांधा बघत होता आणि सदानं एकदा इंजिन चालवून दाखवलं होतं, तेव्हा फळी अशीच बोलली होती. त्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, आणि आणखी घट्ट ठासलं होतं. घट्ट ठासलं की पाणी शेजारच्या सांध्यात जायचं. हादऱ्याला बाहेर जायला वाट नाही, तर तो वाट पाडतो. आपण ती बुजवली की तो दुसरीकडे पाडतो. पाणी निदान दिसतं तरी.

वात त्याच्या बोटांत तशीच राहिली.

सांगितलं तर काय उरणार, याचा हिशेब त्याला घालावा लागला नाही. गावात नाव गेलंच होतं. एक नाव मुंबईला जाणार होतं, तेही राहायचं नाही. न सांगितलं तर नाव मुंबईला पोचेल. आणि त्या नावामागून चिखलात विरळ स्लीपरांवर टाकलेले रूळ जातील, त्यांवरून गाड्या जातील, गाड्यांत माणसं. सदासारखी. मचवा गळाला तर उपसता येतो.

टिपणीस आला तो हातात सोमवारसाठी बांधलेल्या काचा घेऊनच.

"सायब, जरा हिकडं या. हितं बसा."

"आता काय काढलंत?"

हरेश्वरनं चांगदेवला थांबवलं. एका सांध्याच्या जोडपट्ट्या उचकटल्या. खालची खडी बोटांनी बाजूला केली, तळहात रुळाच्या खाली, सांध्याच्या बरोबर खाली उताणा धरला. दुसऱ्या हाताचं बोट लोट्यात बुडवलं आणि वरून सांध्यावर एक थेंब सोडला.

थेंब सांध्यावर बसला. गोल, घट्ट, दिव्याच्या काचेसारखा. त्यात गोदामाचं छप्पर दिसत होतं.

हरेश्वरनं आणखी एक सोडला. थेंब मोठा झाला. खाली गेला नाही.

मग त्यानं खालचा हात काढला आणि टिपणीसच्या समोर वर धरला. कोरडा.

"आमच्यात याच्यावर नारळ ठेवतात," तो म्हणाला.

टिपणीसला कळायला थोडा वेळ लागला. त्यानं थेंबाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, मग खिशातल्या चाकूची पात सांध्याच्या जागी दाबून पाहिली. पात आत जाईना.

"भरलीत?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "सगळ्या?"

"सगळ्या. फट भरायचीच असती, आसं वाटलं. आमच्यात भरायचीच असती. आन्‌ तुमी काड्या मांडल्या तवा समजलं, तरी बोललो न्हाय. त्ये चुकून न्हाय झालं. त्ये मी केलं."

फट

"सोमवारी मी काय सांगू तिथं? काय दाखवू?"

"सांगा, मेस्त्री चुकला."

"नाव विचारतील."

"सांगा. बोडणीचा हरेश्वर मेस्त्री."

रूळ

टिपणीस त्या दिवशी पुष्कळ बोलला, आणि त्यातलं काही मेस्त्रीच्या वयाला शोभणारं नव्हतं. चांगदेव दारापाशी जाऊन खाडीकडे तोंड करून बसला. शेवटी टिपणीसनं काचा एकेक करून सदऱ्याच्या बाहीनं पुसल्या. एक मात्र तशीच कागदात गुंडाळून ठेवली. "ही राहू दे," तो म्हणाला. "मीही खडखट ऐकायला कान दिला नव्हता. हा चांगदेव पहिल्या दिवशी सांगत होता."

"मी तर मांजर म्हनालो," चांगदेव दारातूनच म्हणाला.

सोमवारी रेवसच्या लाँचनं टिपणीस मुंबईला गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, पावसाआधी पुन्हा करून दाखवा म्हणाले.

हरेश्वरनं बारीक करवतीनं सांधे मोकळे केले. शिसं कापलं, राळ खरवडली, कापसाच्या वाती चिमट्यानं ओढून काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं फट ठेवली आणि ठेवलीच. तिच्यातून पलीकडचा चिखल दिसत होता. आत बोट घालायचा मोह त्याला दिवसभर होत होता.

गाडी निघाली. खट. खट. खट.

"आता झाली रेलगाडी," चांगदेव म्हणाला.

काजळीवरची रेघ सांध्यासांध्याला उडाली. दोन दिवसांत शिशाची टोकं चेपायला लागली. आणि टिपणीस ज्याला सगळ्यात जास्त भीत होता तेही झालं: सांध्याखालचा स्लीपर चाकाबरोबर खालीवर व्हायला लागला आणि प्रत्येक वेळी खालचा चिखल खडीतून थोडा थोडा वर यायला लागला. चिखल काही गिळत नव्हता. ओकत होता.

मग टिपणीसनं सांध्याजवळ स्लीपर दाट केले. उडी कमी झाली. अजून दाट केले. त्यानं हरेश्वरला सुई आणि रेघ वाचायला शिकवली. एका स्लीपरवर आलेलं ओझं त्याचं एकट्याचं राहत नाही. रूळ ताठ असेल, स्लीपर जवळजवळ असतील, तर शेजारचे दोघं-चौघं ते वाटून घेतात. "हादरा बंद करता येत नाही मेस्त्री," तो म्हणाला. "त्याला पुष्कळ खांदे द्यायचे, एवढंच आपल्या हातात."

हरेश्वरनं रेघ पाहिली, गाडी पाहिली. आणि एकाएकी त्याला सदाच्या मचव्यातला फिटरनं बसवलेला ठोकळा आठवला. बुटका, जाडजूड. मचव्याच्या पोटात फळ्यांना आतून धरणाऱ्या इतक्या साऱ्या बरगड्या, आणि ठोकळा टेकला होता तो फक्त दोहोंवर.

"सायब," तो म्हणाला, "आज मी लवकर जातो."

फट

"नीराबाय, मचवा दे मना. पाऊसभर."

"पुन्हा ठासनार?"

"न्हाय. सांध्याला हात बी न्हाय लावनार आधी. इंजिन उचलायचंय."

"सदानं काळूरामला सांगितलंय."

"नव्याचं सांगितलंय. जुना तुजा हाय."

"आन्‌ ह्याला बी पानी आलं तर?"

"तर तुज्यादेखत सांगेन."

नीराबाई बराच वेळ सुकटीच्या टोपलीतला कचरा निवडत राहिली. "हर्‍या, तू लहानपनी पडलास की आधी लोकांकडं बघायचास आन्‌ मग रडायचास. बघत ऱ्हायलास तर रडायचं इसरायचास." तिनं टोपली बाजूला सारली. "घेऊन जा."

रूळ

पाऊसभर मचवा माडाच्या झापांखाली होता. बोडणीची माणसं येता-जाता डोकावत. "मेस्त्री, आत रूळ टाकताय का?" कुणी विचारी. तसं दिसतही होतं. हरेश्वरनं बुटका ठोकळा काढून टाकला होता आणि त्याजागी ऐनाच्या लाकडाचे दोन लांब वासे मचव्याच्या पोटात उभे अंथरले होते, इकडच्या टोकापासून जवळजवळ तिकडच्या टोकापर्यंत. प्रत्येक बरगडीला खाच देऊन वासा तिच्यावर बसवला होता. एका बाजूची एक बरगडी आधीच पिचलेली निघाली, ती बदलावी लागली. नव्या काचा मुंबईला दाखवून झाल्यावर, बोडणी सोडण्याआधी टिपणीस एकदा येऊन बघून गेला. त्यानं वाशांवर थाप मारली आणि म्हणाला, "हे बरोबर आहे की नाही ते मला सांगता येणार नाही. मी रुळांचा माणूस." हरेश्वरला ते उत्तर आवडलं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पावसानं उघडीप दिली. मचवा ओंडक्यांवर आला. जुन्या मचव्याचं पाणी कुणी बघत नाही, पण हरेश्वरनंच बोलावणं धाडलं होतं, म्हणून माणसं जमली. थोडी कौतुकानं, पुष्कळशी गंमत बघायला.

नीराबाईनं कळशी ओतली. शेजारणींनी हंडे ओतले. हरेश्वर खाली सरपटत गेला आणि तिथूनच ओरडला, "सदा, इंजिन चालव!"

जमलेली माणसं वाकून मचव्याखाली बघायला लागली. असं कधी कुणी केलं नव्हतं. मचवा स्वस्थ उभा असताना हात धरायचा, ही रीत.

"मामा, जमिनीवर?"

"थोडा येळ. चालव!"

इंजिन धडधडलं. हरेश्वरनं तळहात फळीला लावला. थरथर होती. पण आता ती एका जागी टोचत नव्हती. लांबवर पसरली होती, नाळेपासून मागपर्यंत सारखी, भरल्या पोटाच्या बैलाच्या अंगासारखी. तो सांध्यामागून सांध्याखाली हात धरत सरकत गेला. जिथं तीनदा कापूस ठासला होता तिथं थांबला. कोरडं. पुढं सरकला. कोरडं. माणसांचे पाय त्याला दिसत होते, आणि त्यांतले सदाचे नव्हते, कारण तो वर होता.

नाळेच्या जरा अलीकडे, जिथं कधी गळलं नव्हतं तिथं, त्याच्या तळहातावर एक थेंब पडला.

त्यानं वाट पाहिली. खूप वेळ. दुसरा पडला नाही. इंजिन थांबलं. वाळूवर अंग पुसत पुसत बाहेर निघताना तळहात आपोआप पुसला जातो. पुसायचंसुद्धा लागत नाही. हरेश्वर एका कोपरावर जोर देत, दुसरा हात वर अधांतरी धरून, खेकड्यासारखा तिरपा बाहेर आला. माणसं हसली.

त्यानं हात वर केला.

"कोरडा?" सदानं वरून विचारलं.

"न्हाय. एक थेंब हाय." तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नाळेपाशी. नवीन जागा. का ते अजून मना समजलं न्हाय."

सदा मचव्याच्या काठावरून वाकून त्या हाताकडे बघत होता. मग तो मधल्या फळ्यांशी, जिथं इंजिन आल्यापासून पाणी यायचं तिथं, बाहेरून हात लावून बघायला खाली उतरला.

नीराबाई नारळ घेऊन पुढं आली. हरेश्वरच्या ओल्या हातापाशी थांबली.

"ह्यो काय तुला मिळायचा न्हाय," ती म्हणाली.

"मी मागितला व्हय?"

ती नारळ घेऊन घराच्या वाटेनं वळली नाही. मचव्याजवळ गेली, टाचा उंच केल्या आणि नारळ आत, लांब वाशांच्या मधल्या खोबणीत ठेवून दिला.

"हितंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तो थेंब समजला म्हंजे घे. सदा, मामाला पानी दे हात धुवायला. आन्‌ थळला काळूरामकडं जायचं ते आज ऱ्हाऊ दे."

हरेश्वर पुन्हा उताणा झाला आणि मचव्याखाली सरपटत गेला. नाळेच्या दिशेनं.